निघतानाची घंटा

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," मी म्हटलं. "मास्तरांनी तर ठेवूच नये. त्यांना पथ्य आहे."

भैरीच्या मंडपात हशा पिकला. भिकाजी मास्तर तेवढे हसले नाहीत. ते देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. सभा त्यांनी बोलावलेली आणि विषयही त्यांनीच मांडलेला: धाकू गुरवाचे, म्हणजे माझे, गुडघे गेले, पोटी मुलगा नाही, तर त्याच्यामागं घंटेची दोरी कुणाच्या हाती द्यायची? आमच्या करंजखोलात ही दोरी गुरवाच्या घरातला पुरुषच धरतो. बाईचा हात घंटेला लागत नाही. लागला तर काय होतं ते कुणालाच माहीत नाही, कारण लावून बघायची कुणाची छाती झालेली नाही.

माझी मुलगी शालन खांबाला टेकून समया घासत होती. देवाचं झाडणं, सारवणं, तेलवात सगळं हल्ली तीच बघते. "मी धरते की दोरी," असं ती सभेच्या सुरुवातीला म्हणाली होती. त्यावर अशी शांतता पसरली की आढ्यावरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली.

"धाकू, विषय दोरीचा आहे," मास्तर म्हणाले.

"मग मी काय सुतळीचा काढलाय? हीच घंटा, हीच दोरी. इंग्रजाच्या बाजात वाजली ती."

"झालं! मागच्या शिमग्याला ऐकली ती. त्याच्या मागच्याही."

"तेव्हा तुम्ही घोरत होता, मास्तर. निम्मी गोष्ट तुमच्या घोरण्याखाली गेली."

गोदा, माझी बायको, मागल्या पायरीवर कापसाच्या वाती वळत बसली होती. ही गोष्ट निघाली की ती कधी मान वर करत नाही. त्या दिवशीही केली नाही.

मी सुरुवात केली.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या थंडीतली गोष्ट. दुपारच्या एस.टी.तून दोन माणसं उतरली. एक सुपारीच्या झाडासारखा उंच, पांढरा, वाऱ्यानं हलणारा म्हातारा गोरा. दुसरा आपल्यातलाच दिसणारा, पण गळ्यात क्रूस. तो दुसरा मंडपाच्या बाहेर चपला काढून म्हणाला, "गुरव कोण इथले?"

"मी. हे कोण?"

"मी पास्कल मच्याडो, वसईचा. मुंबईच्या मोठ्या बाजात व्हायोलिन वाजवतो. आणि हे थॉर्नबीसाहेब, विलायतेचे. ते त्या बाजासाठी संगीत लिहितात."

"लिहितात? वाजवत नाहीत?"

"ते लिहितात. आम्ही सगळे मिळून वाजवतो."

"मजा आहे. म्हणजे हे पानं मांडणार आणि जेवणार तुम्ही."

पास्कल हसला. त्यानं वर घंटेकडे बघितलं आणि नकळत छातीवर क्रूस केला. "ही आमच्या वसईच्या देवळातली. माझा आजा सांगायचा, करंजखोलाला गेलीय म्हणून."

"चिमाजीअप्पांच्या फौजेनं जिंकून आणली."

"जिंकून म्हणा, नाहीतर चोरून म्हणा."

"चोरायला ती काय कोंबडी आहे? उचलून दाखव बघू एकदा."

गोऱ्यानं हातानं खूण केली, एकदा वाजवा. मी दोरी ओढली. आता आमच्या घंटेचा आवाज तुम्हाला काय सांगायचा? तो पाखाडीच्या पायऱ्या उतरतो, खाडी ओलांडतो, पलीकडच्या गावात चहा घेतो आणि मग सावकाश परत येतो. म्हाताऱ्यानं टोपी काढली. आवाज पुरता विरेपर्यंत तो हलला नाही. आणि मग तिथंच, त्या पायरीवर, गुडघ्यात डोकं घालून बसला.

"काय झालं हो याला?" गोदानं दारातून विचारलं.

पास्कल हळू आवाजात म्हणाला, "त्याच्या आईचं गाव समुद्राकाठी, कड्यावर होतं. समुद्रानं ते एकेक घर करून खाल्लं. देऊळ सगळ्यात शेवटी गेलं. त्या गावावर त्यानं संगीत लिहिलंय, आणि त्याला खरी घंटा हवी आहे. आमच्याकडे पितळी नळ्या आहेत, पण त्या वाजवल्या की स्वयंपाकघरात ताट पडल्यासारखं वाटतं. येत्या पंधरवड्यात कार्यक्रम आहे. ही घंटा मुंबईला द्याल का?"

देवाची घंटा मागायला आलेल्या माणसाला गावानं एरवी खाडीतच बुडवलं असतं. पण मी ताबडतोब नाही म्हटलं नाही, आणि त्याचं कारण दारात उभं होतं.

गोदाला पाचवा लागला होता. त्याआधी दोनदा आमच्या घरात पाळणा माळ्यावरून खाली आला, आणि दोन्ही वेळा पाचव्यातच परत वर गेला. दुसऱ्या खेपेनंतर गोदा महिनाभर बोलली नव्हती. तिसऱ्या खेपेला ती बोलत होती, हसत होती, पण रात्रंदिवस एक हात पोटावर. पोटात अजून काहीच हलत नव्हतं. मागच्या दोन्ही वेळेलाही हललं नव्हतं.

पास्कलनं ते कसं ओळखलं देव जाणे. म्हणाला, "माझी बहीण मुंबईत बाळंतपणाच्या इस्पितळात नर्स आहे. वहिनींना सोबत आणा. मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

माझ्या बापानं देवाला कौल लावला. भैरीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली. उजवी म्हणजे होकार. गावकऱ्यांनी माना हलवल्या. पण सभा उठल्यावर बापानं मला मागं ओढलं.

"देव हो म्हणाला म्हणून माझी ना नाही," तो म्हणाला. "घंटेला तुझ्याखेरीज कुणाचा हात लागू देऊ नकोस. आणि आल्याची वाजव. निघतानाची वाजवू नकोस."

हे आता शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. देवळात शिरताना घंटा वाजवायची: देवा, मी आलो. बाहेर पडताना वाजवायची नाही. निघतानाची घंटा वाजली की जो निघायचा तो एकटा निघत नाही, कुणालातरी सोबत नेतो. माझ्या आज्याच्या वेळी एका खलाशानं गमतीत निघतानाची वाजवली, आणि त्याच्या भावाचं गलबत परत आलं नाही. हे मी ऐकलेलं. पण डोळ्यांनी बघितलेलंही एक होतं. आमच्या दुसऱ्या खेपेला एक पाहुणा दारू पिऊन दर्शनाला आला आणि जाता जाता दोरीला लोंबकळून घंटा बडवून गेला. आठवडा गेला नाही तोच पाळणा वर गेला.

गोदाला हे पटत नसे. "घंटेला काय कळतं, कोण आलं आणि कोण गेलं?" ती म्हणायची. "पितळच ते."

"पंचधातू आहे."

"मग पाच जणांना मिळून एवढंसुद्धा कळत नाही."

पण मी तिच्यासारखा नव्हतो. मी त्या घंटेखाली वाढलो होतो.

नारळ फोडून घंटा उतरवली. तिच्या लोलकाला तांबडं फडकं घट्ट बांधलं, वाटेत चुकून टोल पडू नये म्हणून. ट्रकमध्ये पेंढा घातला, पेंढ्यात घंटा, घंटेशेजारी मी, आणि पुढं ड्रायव्हरजवळ गोदा. घाटात एका वळणावर समोर वाघ आडवा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, वाघ हलेना. मग मी घंटेवरचा पेंढा जरासा बाजूला केला. वाघानं घंटा बघितली, पुढचे दोन पाय टेकले, मान खाली घातली आणि वाटेतून सरला.

"मागच्या शिमग्याला दोन वाघ होते," मास्तर म्हणाले.

"एक वारला. वय झालं होतं."

मंडप पुन्हा हसला. शालनही हसली. वाघापर्यंत मला कुणाची भीती वाटत नाही. भीती यापुढं आहे, आणि ती मात्र मी कधी वाढवून सांगत नाही. तिला वाढवायची गरजच पडत नाही.

मुंबईत डॉक्टरीणबाईंनी गोदाला तपासलं. पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "हालचाल कळते?"

"नाही."

"एकदाही नाही? फुलपाखरू फडफडल्यासारखं?"

"नाही हो."

बाईंनी नळी परत ठेवली. "ठोका आहे, पण मंद आहे. या आठवड्यात काय होतं ते बघू. जड उचलू नका. मनाला धक्का लागेल असं काही करू नका. हालचाल कळली की त्याच क्षणी मला कळवा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तू पास्कलच्या बहिणीकडे पडून राहा."

"मी घंटेबरोबर राहीन," गोदा म्हणाली. "त्या घरात भिंतीकडे बघत पडले तर मनाला धक्का लागेल."

थिएटर एवढं मोठं की आमचा भैरी त्याच्या देवळासकट आत येऊन बसला असता आणि तिकीट तपासणाऱ्याला पत्ता लागला नसता. रंगमंचावर खुर्च्याच खुर्च्या. पुढं व्हायोलिनं, मग माणसाएवढी व्हायोलिनं, जी उभ्यानं वाजवतात, मग बासऱ्या, पितळी कर्णे, आणि सगळ्यांच्या मागं नगारे. नगाऱ्यांच्याही मागं, अगदी कडेला, पडद्याला लागून सुतारानं लाकडी चौकट उभी केली होती. तिच्यात घंटा. घंटेमागं, पडद्याच्या आडोशाला, गोदासाठी एक स्टूल. तिथून तिला सगळं दिसे, पण ती कुणाला दिसत नसे.

तालमीला थॉर्नबीसाहेब समोर चौथऱ्यावर चढला, हातात काडी. गोदा त्याला थोरले साहेब म्हणायची. चढताना त्याला धाप लागे. एका माणसाला हात धरावा लागे. पण काडी वर गेली की तो म्हातारा राहत नसे.

ते संगीत मी तुम्हाला कसं ऐकवू? त्यात चाल नव्हती, जिला धरून मान हलवावी अशी समही नव्हती. सुरुवातीला सगळी व्हायोलिनं इतकी हळू वाजली की मला वाटलं, बाहेर सुरूच्या बनात वारा शिरलाय. मग उभी व्हायोलिनं खालून ओढायला लागली, अमावास्येच्या भरतीनं पायाखालची वाळू ओढावी तशी. मी दोन्ही पाय फाकवून उभा राहिलो. एक बासरी मध्येच काहीतरी म्हणायची, घरातली बाई दारातून हाक मारते तसं. तिच्यावर कर्णे यायचे. ती परत म्हणायची, पण या वेळी जरा लांबून. कर्णे परत यायचे. मग ती म्हणायचीच नाही.

"काय होतंय?" मी पास्कलला सुट्टीत विचारलं.

"एक घर गेलं," तो म्हणाला.

त्या संगीतात अशी घरं एकामागून एक जात होती. मला मध्ये तीन ठिकाणी टोल द्यायचे होते. साहेब डाव्या हातानं खूण करी आणि मी दोरी ओढी. देवळात लोक जमताहेत, तिथले ते टोल. म्हणजे आल्याचे. ते मी छातीठोक दिले. पहिल्याच टोलाला अख्खा बाजा मान वळवून मागं बघायला लागला, आणि साहेबानं काडी आपटून सगळ्यांना पुढं बघायला लावलं. माझी छाती फुगली. मला वाटलं, बापाची अट पाळली गेली, काम फत्ते.

पण एक गोष्ट मला खटकत होती. तालमीत ते कधी शेवटापर्यंत जात नसत. संगीत खाली खाली उतरत यायचं, एकेक वाद्य गप्प व्हायचं, आणि नेमका तिथं साहेब काडी ठेवून द्यायचा. दर वेळी तिथंच.

"पुढं काय आहे?" मी पास्कलला विचारलं.

"शेवट. साहेब तालमीत शेवट वाजवू देत नाही. त्यांच्याकडे तशी समजूत आहे. शेवट आधी वाजवला तर कार्यक्रमाला अपशकुन होतो म्हणे."

मला बरं वाटलं. म्हटलं, हाही आपल्यासारखाच आहे. शकुन-अपशकुन मानतो, म्हणजे माणूस भला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी, लोक बाहेर गाड्यांतून उतरत असताना, पास्कल माझ्याजवळ आला. त्यानं काळा कोट घातला होता. "धाकूभाऊ, आता शेवट सांगतो. सोपा आहे. सगळे थांबतात. साहेब हात वर करतो. हात वर गेला की तुम्ही एक टोल द्यायचा. एकच. मग काही नाही. संपलं."

"सगळे थांबल्यावर?"

"हो."

"सगळं गेल्यावर?"

"हो. का?"

मी त्याची बाही धरली. "पास्कल, ती निघतानाची आहे."

त्याला कळेना. मी सांगितलं: खलाशी, गलबत, तो दारुडा पाहुणा, माळ्यावरचा पाळणा. तो ख्रिस्ती माणूस, पण वसईचा. त्याचाही चेहरा उतरला. त्यानं मला हाताला धरून साहेबाच्या खोलीत नेलं. म्हातारा आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता. पास्कल इंग्रजीत बराच वेळ बोलला. मध्ये त्यानं हातानं पोट दाखवलं, पाळणा दाखवला.

साहेबानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मग तो हळूहळू बोलला, आणि पास्कल सांगत गेला.

"ते म्हणतात, तुमचं म्हणणं मला समजतं. ते म्हणतात, ही घंटा गेल्याचीच आहे. माझ्या आईच्या गावातलं सगळं गेलं आणि त्यासाठी कुणी टोल दिला नाही, कारण टोल देणारी घंटाच आधी समुद्रात गेली."

"सांग त्यांना, टोल नळ्यांवर देऊ दे दुसऱ्या कुणाला."

पास्कलनं सांगितलं. साहेब क्षीण हसला.

"ते म्हणतात, मी जबरदस्ती करणार नाही. मी हात वर करीन. तुम्हाला वाजवायची नसेल तर वाजवू नका. पण घंटा वाजल्याशिवाय माझं संगीत संपत नाही. ती वाजेपर्यंत मी हात खाली आणणार नाही."

"आणि वाजलीच नाही तर?"

पास्कलनं हे भाषांतर केलं नाही. 

मी मागं येऊन गोदाला म्हटलं, "तू घरी जा. आत्ताच्या आत्ता."

"का?"

 तिनं माझा चेहरा वाचला. लग्न झाल्यापासून ती तेवढंच वाचत आलीय. "शेवटी टोल आहे होय?" ती म्हणाली. आणि स्टूल आणखी पुढं, घंटेला लागून ओढून बसली. "मी कुठं जात नाही. हिचं नि माझं एकदाच होऊन जाऊ दे."

"गोदा!"

"पडदा उघडतोय. गप्प उभे राहा."

पडदा उघडला. पुढं अंधारात माणसांची नुसती डोकी, भरतीच्या पाण्यावर नारळ तरंगावेत तशी. काडी वर गेली. वारा सुटला. वाळू ओढली जायला लागली.

तालमीत ऐकलेलं आणि त्या संध्याकाळी ऐकलेलं एकच होतं म्हणायचं, पण एकच नव्हतं. कारण आता मला शेवट माहीत होता. एकेक घर जात होतं आणि मी त्या शेवटाच्या जवळ जात होतो. पहिला टोल मी दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला मी मनात भैरीला म्हटलं, ही आल्याची आहे बरं का, ही आल्याची. मग कर्णे असे उसळले की माझ्या दातांना कंप सुटला. लाट कड्याला फोडते आहे आणि मी त्या कड्यावर उभा आहे. मी मागं वळून बघितलं. गोदा दोन्ही हात पोटावर धरून बसली होती, डोळे विस्फारलेले.

मग ते उतरायला लागलं. कर्णे थांबले. नगारा दूर गेला, आणखी दूर गेला, थांबला. व्हायोलिनं एकेक ओळ खाली बसत गेली. उरली ती बासरी, दारातून हाक मारणारी. तिनं एकदा हाक मारली. उत्तर आलं नाही. ती थांबली.

साहेबानं हात वर केला.

मंडळी, मी मसणात रात्री एकटा गेलोय, खाडीत मगरीशेजारी पोहलोय, ते सगळं खोटं असेल तर असू दे. पण त्या शांततेएवढी भीती मला जन्मात वाटली नाही. एवढी माणसं आणि कुणी खोकत नाही. म्हाताऱ्याचा हात वर. पाच बोटं पसरलेली. त्याची नजर माझ्यावर. दोरी माझ्या मुठीत. मी ओढली तर माझं पोर जातं, नाही ओढली तर तो माणूस तसाच उभा राहतो. त्याचा हात कापायला लागला. पास्कलनं मान किंचित वळवली. पुढच्या रांगेत कुणीतरी श्वास ओढला. हात आणखी कापायला लागला, कोपरापासून, मग खांद्यापासून, पण खाली येईना. त्याच्या ओठांचा रंग बदललेला मला एवढ्या लांबून दिसला. मला वाटलं, हा म्हातारा आता इथंच पडणार आणि त्याचंही पाप माझ्या माथी येणार.

माझी बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. दोरी सुटली. मी डोळे मिटले आणि म्हटलं, भैरीबुवा, तुझी घंटा आहे, तूच बघ.

आणि घंटा वाजली.

माझा हात मोकळा होता. हा असा, दोन्ही हात मोकळे. घंटा आपोआप वाजली. एक टोल. तो टोल त्या अंधारातून गेला, दारातून बाहेर पडला, रस्ता ओलांडला, समुद्रापर्यंत गेला आणि मी तुम्हाला शपथेवर सांगतो, पाण्याखालून त्याला दुसऱ्या एका घंटेनं उत्तर दिलं.

"आपोआप?" मास्तर म्हणाले.

"आपोआप. देवाच्या मनात आलं, वाजवली."

"मग?"

मग साहेबाचा हात खाली आला. लोक उठले, टाळ्या वाजवायला लागले. साहेब चौथऱ्यावरून उतरला, कुणाचा हात न धरता सगळ्या वाद्यांमधून वाट काढत मागं आला. मला वाटलं, आता माझ्या मुस्काटात मारतो की मिठी मारतो. पण त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या मागं बघितलं. आणि पार कमरेत वाकला, आपण देवापुढं वाकतो तसा.

"घंटेपुढं?" मास्तरांनी विचारलं.

या जागी मी नेहमी थोडा थांबतो. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, वाघ कमी-जास्त होतात, पण इथं थांबायचं मी कधी विसरलो नाही. थांबतो आणि मागच्या पायरीकडे बघतो. तिथं वाती वळल्या जात असतात, मान खाली असते, मग मी म्हणतो, "घंटेपुढंच," आणि गोष्ट संपते.

"घंटेपुढंच," मी म्हटलं. "बाईचा हात लागलेला नाही अशा घंटेपुढं. तेव्हा मास्तर, गावाची रीत बरोबर आहे. दोरी पुरुषाच्याच..."

"खोटं."

वाती वळायच्या थांबल्या होत्या. मंडपातल्या सगळ्या माना मागं वळल्या. शालननं हातातली समई खाली ठेवली.

"वहिनी, वाघाचं म्हणताय ना?" मास्तर हसत म्हणाले. "ते आम्हाला ठाऊक आहे."

"वाघाचं राहू द्या. घंटा आपोआप नाही वाजली." गोदानं मांडीवरचा कापूस झटकला आणि खांबाला धरून उभी राहिली. "यांच्या हातून दोरी सुटली ती मी धरली. मी ओढली. तो म्हातारा वाकला तो मला. इतकी वर्षं हे मला झाकायला देवाला पुढं करताहेत."

 मास्तरांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"निघतानाची?" शेवटी ते म्हणाले. "वहिनी, तुम्ही निघतानाची वाजवलीत? अशा अवस्थेत?"

"निघतानाची कशाला वाजवीन मी?" गोदा म्हणाली. तिनं शालनकडे बोट केलं. "सगळं गप्प झालं ना, तेव्हा ही पोटात पहिल्यांदा हलली. दारात कुणी आलं तर घंटा वाजवायची नाही होय?"